पदवी एका राज्याची, सरावाचा वर्ग दुसऱ्या राज्यातला

१. साधा दिसणारा प्रश्न

अमेरिकेत शिक्षक होण्यासाठी शिकणाऱ्या मुलामुलींच्या घरी, आणि त्यांत आता न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये स्थिरावलेली मराठी घरेही आली, शेवटच्या वर्षाच्या सुमारास एक प्रश्न हमखास निघतो. विद्यापीठ ओहायोत असले, तरी शाळेतला सराव न्यू जर्सीत घराजवळच्या शाळेत का करू नये? घरी राहिले तर भाडे वाचते, आणि पुढे नोकरीही तिथेच हवी असते. या प्रश्नाचे उत्तर ‘करता येतो’ असेच आहे, परंतु त्या होकारापर्यंत पोहोचायला बहुधा एक वर्ष लागते आणि त्या वर्षात कोणती गोष्ट आधी ठरवायची याचा क्रम चुकला, तर सराव उत्तम होऊनही परवाना अडकून राहू शकतो.

येथे ‘सराव’ म्हणजे चार-दोन पाठ घेऊन परत येणे नव्हे. महाराष्ट्रातील बी.एड. महाविद्यालयांत जिला आंतरवासिता म्हणतात, तिचेच हे अमेरिकी रूप आहे. छात्राध्यापक, म्हणजे अजून पदवी न मिळालेला होऊ घातलेला शिक्षक, एका अनुभवी शिक्षकाच्या वर्गात सबंध सत्र पूर्णवेळ हजर राहतो. आधी पाहतो, मग एखादा तास घेतो आणि हळूहळू सगळा वर्ग अंगावर घेतो. पेनसिल्व्हेनियात हा काळ किमान १२ आठवड्यांचा असावा लागतो, कॅलिफोर्नियात आठवड्यांऐवजी तास मोजतात आणि ते ६०० भरावे लागतात. या कामाचा पगार सहसा मिळत नाही. उलट त्या सत्राचे शुल्क विद्यापीठाला भरावे लागते, म्हणून घरी राहून सराव करण्याची ओढ समजण्यासारखी आहे.

२. परवाना विद्यापीठाचा नसतो

सगळ्या अडचणींचे मूळ एका घटनात्मक वस्तुस्थितीत आहे. अमेरिकेच्या संविधानात शिक्षणाचा उल्लेख नाही, आणि दहाव्या दुरुस्तीनुसार जे अधिकार संघराज्याकडे सोपवलेले नाहीत ते राज्यांकडे किंवा जनतेकडे राहतात. त्यामुळे सरकारी शाळेत कोणी शिकवावे हे वॉशिंग्टनमधून ठरत नाही, ते प्रत्येक राज्य स्वतः ठरवते. शिक्षकाला राज्याचा परवाना लागतो. विद्यापीठ पदवी देते आणि ‘हा उमेदवार परवान्यास पात्र आहे’ अशी शिफारस करते, पण ती शिफारस ज्या राज्याने त्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाला मान्यता दिली आहे त्या राज्याकडे जाते. म्हणजे ओहायोतील विद्यापीठात शिकलेल्या विद्यार्थिनीने सरावाचे सत्र न्यू जर्सीत काढले, तरी तिच्या हाती येणारा पहिला परवाना साधारणपणे ओहायोचाच असतो. सरावाची जागा बदलल्याने परवान्याचे राज्य बदलत नाही, हे एक वाक्य पक्के लक्षात राहिले तरी पुढचा बराच गोंधळ टळतो.

शिधापत्रिकेच्या उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ ही योजना येण्यापूर्वी बीड जिल्ह्यातून सुरतेला कामासाठी गेलेल्या कुटुंबाकडे पत्रिका असायची, ती खरीही असायची, पण सुरतेच्या दुकानात तिच्यावर धान्य मिळत नसे. अमेरिकी शिक्षकाचा परवाना बराच काळ असाच आपापल्या राज्यापुरता राहिला, आणि तो दुसरीकडे चालावा म्हणून राज्यांनी आपसांत करार केले. त्यांपैकी राज्यांच्या परवाना-अधिकाऱ्यांच्या ‘नॅसडटेक’ या संघटनेचा आंतरराज्य करार सर्वाधिक परिचित आहे आणि त्याच्याविषयीचा गैरसमजही तितकाच पसरलेला आहे. या करारामुळे एका राज्याचा परवाना दुसरीकडे आपोआप चालतो असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक राज्य आपल्या अटी कायम ठेवते आणि त्या पूर्ण केल्यावरच नवा परवाना देते. बहुतेक अटी परीक्षांच्या असतात. अनेक राज्ये ‘प्रॅक्सिस’ ही परीक्षा मानतात, तर टेक्सास आणि फ्लोरिडा यांच्या स्वतःच्या वेगळ्या परीक्षा आहेत. ही ये-जा सोपी व्हावी म्हणून तयार झालेला नवा आंतरराज्य शिक्षक करार २०२३ मध्ये दहा राज्यांनी कायदे केल्यावर अस्तित्वात आला, मात्र तो परवाना मिळालेल्या शिक्षकांसाठी आहे. छात्राध्यापकाकडे अजून परवाना नसतो, म्हणून त्याला या कराराचा आधार घेता येत नाही.

यातून पहिली पायरी निघते, आणि ती शाळा शोधण्याच्या कितीतरी आधीची आहे: नोकरी कोणत्या राज्यात करायची हे ठरवणे. जुलै २०२० पासून लागू असलेल्या संघराज्याच्या नियमानुसार विद्यापीठाला हे जाहीर करावे लागते की परवान्यासाठी असलेला त्याचा अभ्यासक्रम कोणत्या राज्याच्या अटी पूर्ण करतो. ही यादी सर्वांसाठी खुली असते, आणि तरीही ती वाचण्याआधीच शाळेचा शोध सुरू करणारे विद्यार्थी पुष्कळ असतात.

३. एका जागेसाठी किती होकार लागतात

दुसऱ्या राज्यात सराव म्हणजे किमान तीन पक्षांचे एकमत. पाठवणारे विद्यापीठ, जागा देणारा ‘शाळा-जिल्हा’ आणि यजमान राज्य हे ते तीन पक्ष. शाळा-जिल्हा हा शब्द मराठी वाचकाला फसवा वाटण्याचा संभव आहे, कारण तो महसुली जिल्हा नसतो. एखाद्या गावाच्या किंवा शहराच्या सरकारी शाळा चालवणारी, बहुधा निवडून आलेले मंडळ असलेली ती स्वतंत्र संस्था असते आणि अशा संस्था अमेरिकेत तेरा हजारांच्या आसपास आहेत. प्रत्येकीचे नियम वेगळे असतात.

विद्यापीठाचा होकार मिळवताना विद्यार्थ्याला कारण द्यावे लागते, आणि ‘घर जवळ आहे’ एवढे कारण सगळीकडे पुरत नाही. ज्या शाळेत विद्यार्थी स्वतः शिकला किंवा जिथे त्याचे नातेवाईक नोकरीला आहेत, ती शाळा देण्यास अनेक विद्यापीठे नकार देतात, कारण ओळखीच्या माणसांनी केलेले मूल्यमापन निःपक्षपाती राहणे अवघड असते. ‘घराजवळची शाळा’ मागणाऱ्याला हा नियम अनेकदा अगदी शेवटी कळतो.

त्यानंतर विद्यापीठ आणि शाळा-जिल्हा यांच्यात लेखी करार व्हावा लागतो. शेजारच्या जिल्ह्यांशी विद्यापीठाचे असे करार वर्षानुवर्षे असतात. दूरच्या जिल्ह्याशी मात्र एका विद्यार्थ्यासाठी नवा करार करावा लागतो आणि तो दोन्हीकडच्या कायदा विभागांतून जातो. खरा खोळंबा इथे होतो. शाळा-जिल्ह्याच्या ठरलेल्या मसुद्यात बहुधा असे कलम असते की काही नुकसान झाल्यास भरपाईची जबाबदारी विद्यापीठाने घ्यावी, आणि अनेक राज्यांतील सरकारी विद्यापीठांना असे वचन लिहून देण्यास त्यांच्याच राज्याचा कायदा मनाई करतो. मग कलम बदलण्याची मागणी जाते, ती मंडळाच्या पुढच्या बैठकीची वाट पाहते आणि आठवड्यांमागून आठवडे जातात. विद्यार्थ्याला यातले काहीच दिसत नाही. त्याला फक्त ‘अजून उत्तर आलेले नाही’ एवढेच कळते.

या कागदांच्या वर यजमान राज्याचा प्रश्न असतो: बाहेरच्या विद्यापीठाने आपल्या हद्दीत शिक्षणाचे काम चालवावे काय? पूर्वी यासाठी प्रत्येक राज्याची वेगळी परवानगी लागे. २०१४ पासून अमलात आलेल्या ‘सारा’ या नावाच्या परस्पर-मान्यतेच्या करारामुळे सहभागी राज्यांपुरता हा भार हलका झाला. या करारात एक मर्यादा आहे. एका अभ्यासक्रमाचे दहापेक्षा अधिक विद्यार्थी एकाच वेळी एकाच सरावस्थळी असू नयेत. एकट्यादुकट्या छात्राध्यापकाला या मर्यादेची काळजी नसते, परंतु कॅलिफोर्नियासारखे मोठे राज्य बरीच वर्षे या कराराबाहेर राहिले, म्हणून यजमान राज्य करारात आहे का हे विद्यापीठाकडून आधीच विचारून घ्यावे लागते.

यांखेरीज एक चौथा होकार असतो, आणि तो कोणत्याच नमुन्यात लिहिलेला नसतो. यजमान गावाच्या आसपासच्या विद्यापीठांनाही आपल्या विद्यार्थ्यांसाठी चांगले मार्गदर्शक शिक्षक हवे असतात आणि जिल्हा त्यांना आधी जागा देतो, म्हणून बाहेरच्याच्या वाट्याला उरलेली जागा येण्याची शक्यता असते. याच कारणाने मोठ्या जिल्ह्यांत सगळ्या मागण्या एका कार्यालयातून जातात, आणि विद्यार्थ्याने परस्पर मुख्याध्यापकांना किंवा शिक्षकांना गाठणे अनेक ठिकाणी नियमबाह्य समजले जाते. आपल्याकडे ‘साहेबांना जाऊन भेटावे’ ही रीत उपयोगी पडत असली, तरी येथे ती अर्ज बाद होण्याचे कारण ठरू शकते.

४. दिनदर्शिका मागून पुढे मोजावी

आता एक छोटा हिशोब करून पाहू. समजा, ओहायोतील विद्यापीठाचे सत्र २४ ऑगस्टला सुरू होऊन ११ डिसेंबरला संपते. हे १६ आठवडे होतात. सरावाची अट १५ आठवड्यांची आहे. यजमान शाळा न्यूयॉर्क शहरातील असेल, तर तेथील शाळा सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणाऱ्या कामगार दिनानंतर भरू लागतात. म्हणजे सत्राचे पहिले दोन आठवडे शाळाच बंद आणि उरतात १४. एक आठवडा कमी पडतो, तो भरण्यासाठी सराव १८ डिसेंबरपर्यंत लांबवावा लागतो, आणि मग निकाल व पदवीदान यांच्या तारखांशी त्याचा मेळ बसतो का, हे पाहावे लागते.

आता हीच विद्यार्थिनी जॉर्जियात, अटलांटाच्या परिसरात जाणार असे धरू. तेथे अनेक जिल्ह्यांच्या शाळा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतात, म्हणजे ती पोहोचेल तेव्हा वर्ग तीन आठवडे चालून गेलेला असेल. आठवडे पुरे भरतील, पण त्यांतला सर्वांत मोलाचा भाग हातचा गेलेला असेल. वर्गाला शिस्त कशी लागते, बाके कशी मांडतात, मुलांची नावे आणि स्वभाव शिक्षक कसे टिपतात, पालकांशी पहिली बोलणी कशी होतात, हे सगळे पहिल्या तीन आठवड्यांत घडते आणि नंतर ते पुन्हा पाहायला मिळत नाही. म्हणून अशा वेळी विद्यापीठाच्या तारखा बाजूला ठेवून शाळेच्या पहिल्या दिवशी हजर होण्याची परवानगी मागणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. तिच्या मुक्कामाचा खर्च तीन आठवड्यांनी वाढेल, हे मान्य करूनही.

कागदांचा हिशोबही असाच मागून पुढे मोजायचा असतो. पेनसिल्व्हेनियाच्या शाळेत पाऊल ठेवण्यापूर्वी तीन दाखले लागतात: राज्य पोलिसांकडील गुन्हेगारी नोंदींचा, बालकांवरील अत्याचाराच्या नोंदींचा आणि बोटांच्या ठशांवरून एफबीआयने केलेल्या तपासणीचा. त्याशिवाय क्षयरोगाची तपासणी अनेक ठिकाणी लागते. दाखला एका राज्यात मिळालेला असला, तरी दुसरे राज्य तो स्वीकारेलच असे नाही, त्यामुळे ओहायोत दिलेले ठसे पुन्हा द्यावे लागतात. भारतातून विद्यार्थी व्हिसावर गेलेल्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: सराव बिनपगारी असला, तरी तो अभ्यासक्रमाचा प्रशिक्षण-भाग म्हणून विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाकडून आधी नोंदवून घ्यावा लागतो की काय, हे त्या कार्यालयाला लेखी विचारावे. तोंडी उत्तरावर विसंबू नये.

५. वर्गात मागे कोण बसणार?

कागद जुळले म्हणजे सोय झाली असे समजणे ही या व्यवहारातील सर्वांत मोठी चूक आहे. सरावाचा दर्जा दोन माणसांवर ठरतो. एक म्हणजे ज्याच्या वर्गात विद्यार्थी शिकवतो तो मार्गदर्शक शिक्षक, आणि दुसरा विद्यापीठाचा निरीक्षक, जो ठरावीक दिवशी येऊन वर्गात मागे बसतो, पाठ पाहतो, पाठटाचण तपासतो आणि नंतर बोलतो. गावातल्या शाळेत निरीक्षक मोटारीने अर्ध्या तासात येतो. सातशे मैलांवर तो येणार कसा?

यावर तीन उपाय रूढ आहेत. विद्यापीठ यजमान गावातील एखाद्या निवृत्त मुख्याध्यापकांना निरीक्षक नेमते. किंवा तेथील विद्यापीठाला शुल्क देऊन निरीक्षण करायला सांगते. किंवा पाठाचे चित्रीकरण मागवून दूरवरून पाहते. तिसरा उपाय करोनाच्या काळात सर्रास वापरला गेला आणि तो स्वस्तही आहे. तरी त्याची मर्यादा उघड आहे: कॅमेरा फळ्याकडे आणि शिक्षकाकडे रोखलेला असतो, आणि शेवटच्या बाकावरचा मुलगा खिडकीबाहेर पाहत आहे हे त्यात दिसत नाही. नवा शिक्षक शिकतो तो त्या मुलाकडे कोणी लक्ष वेधले म्हणूनच. दूरच्या जागेसाठी विद्यापीठ केवळ चित्रीकरणावर भागवणार असेल, तर निदान एक-दोन प्रत्यक्ष भेटींचा आग्रह विद्यार्थ्याने धरावा; तसा आग्रह धरण्याचा हक्क त्याने शुल्क भरून मिळवलेला आहे.

मार्गदर्शक शिक्षक परराज्यातला असण्याचा एक शैक्षणिक परिणामही होतो. काय शिकवायचे याचे निकष राज्य ठरवते. २०१० मध्ये तयार झालेले ‘कॉमन कोअर’ हे सामाईक निकष बहुतेक राज्यांनी त्या काळात घेतले, पण टेक्सास आणि व्हर्जिनिया यांनी ते कधीच घेतले नाहीत. समाजशास्त्राच्या विषयांत तर फरक अधिकच ठळक आहे: टेक्सासमध्ये चौथीत आणि सातवीत टेक्सासचा इतिहास शिकवतात. महाराष्ट्रातील चौथीचा विद्यार्थी शिवछत्रपतींचा इतिहास शिकतो, हे माहीत नसलेल्या दुसऱ्या राज्यातील छात्राध्यापकाला तो वर्ग अचानक हाती दिल्यासारखेच हे आहे. यजमान राज्याचे निकष आधी वाचून न गेलेला विद्यार्थी पहिले दोन आठवडे केवळ शब्दांशी झगडत राहतो.

६. सराव कुठे केला, याने पुढे काय बदलते

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर संशोधनातून मिळते. न्यूयॉर्क राज्याच्या सरकारी शाळांत १९९९ ते २००२ या काळात प्रथमच रुजू झालेल्या शिक्षकांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांपैकी ६१ टक्के शिक्षकांची पहिली नोकरी ते ज्या जिल्ह्यात माध्यमिक शाळा शिकले त्यापासून १५ मैलांच्या, म्हणजे सुमारे २४ किलोमीटरच्या आत असल्याचे दिसले. शिक्षक घराकडे परततात. परंतु वॉशिंग्टन राज्यातील नंतरच्या अभ्यासात जॉन क्रीग, रॉडी थिओबाल्ड आणि डॅन गोल्डहेबर यांना असे आढळले की पहिली नोकरी कुठे लागेल याचा अंदाज माध्यमिक शाळेच्या ठिकाणापेक्षा सरावाच्या ठिकाणावरून अधिक चांगला बांधता येतो. त्याच अभ्यासकांच्या पुढच्या कामातून असेही दिसले की सरावाच्या शाळेतील मुले आणि नोकरीच्या शाळेतील मुले यांची पार्श्वभूमी जितकी सारखी, तितके शिक्षकाचे काम अधिक परिणामकारक होते. या निष्कर्षांचा अर्थ सरळ आहे. ज्याला न्यू जर्सीतच शिकवायचे आहे, त्याने न्यू जर्सीत सराव करण्यासाठी वर्षभर खटपट करणे योग्य आहे. ज्याला केवळ चार महिने वेगळे शहर पाहायचे आहे, त्याने ती खटपट करू नये आणि विद्यापीठालाही करायला लावू नये.

याला एक मोठा अपवाद आहे, आणि तो या विषयातील सर्वांत समृद्ध उदाहरण म्हणावा लागेल. इंडियाना विद्यापीठाने १९७० च्या दशकापासून आपले छात्राध्यापक नवाहो राष्ट्रातील शाळांत पाठवले. नवाहो हे अमेरिकेतील मूळ रहिवासी लोक असून त्यांचा स्वशासित प्रदेश ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत पसरला आहे. मिडवेस्टमधील मक्याच्या शेतांतून आलेला तरुण तेथे शाळेच्या वसतिगृहात राहतो, दिवसा शिकवतो आणि संध्याकाळी वसतिगृहातील मुलांच्या अभ्यासाला व देखरेखीला हातभार लावतो. निघण्यापूर्वी त्याने नवाहो इतिहास, जीवनपद्धती आणि शिक्षण यांचा अभ्यास करणे अपेक्षित असते. तेथे लहानसहान गोष्टीही शिकाव्या लागतात: उन्हाळ्यात नवाहो प्रदेश घड्याळ एक तास पुढे करतो आणि बाकीचा ॲरिझोना करत नाही, म्हणून एकाच राज्यात दोन वेळा चालतात. हा कार्यक्रम टिकला त्याचे कारण असे की प्रत्येक विद्यार्थ्यासाठी नव्याने जागा शोधावी लागली नाही. विद्यापीठ आणि शाळा यांचे नाते आधीपासून होते व विद्यार्थी त्या नात्यात जाऊन बसला.

७. भारतात हा प्रश्न वेगळा का दिसतो

भारतात शिक्षक-शिक्षणाचे निकष राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद ठरवते; ती १९९३ च्या कायद्याने स्थापन झाली आणि तिची मान्यता असलेली बी.एड. पदवी देशभर चालते. परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये २० आठवड्यांचा शालेय अनुभव घातला. त्यामुळे सिंधुदुर्गातील विद्यार्थिनी गोव्याच्या महाविद्यालयात शिकली, तरी तिची पदवी महाराष्ट्रात पुन्हा सिद्ध करावी लागत नाही. राज्याची हद्द आडवी येते ती शिक्षक पात्रता परीक्षा आणि भरती यांच्या वेळी, आणि त्याहून अधिक माध्यमभाषेच्या वेळी. भूमितीचा पाठ मराठीतून घेण्याची सवय झालेला छात्राध्यापक कन्नड माध्यमाच्या वर्गात उभा राहू शकत नाही, मग कागद कितीही पुरे असोत. अमेरिकेत भाषा बहुधा एक आणि परवाने पन्नास. भारतात पदवी एक आणि वर्गाच्या भाषा अनेक.

८. निघण्यापूर्वी आणि परतण्यापूर्वी

व्यवहारात ज्या विद्यार्थ्याचे काम सुरळीत होते, तो साधारण एक वर्ष आधी विद्यापीठाच्या सराव-कार्यालयात जातो आणि पहिल्याच अर्जात परवाना कोणत्या राज्याचा हवा आहे हे लिहितो. त्याला दोन-तीन शाळा-जिल्हे चालतात. एकाच शाळेचा हट्ट धरणाऱ्याची मागणी एका नकाराबरोबर संपते. घरभाड्याचा करार तो लेखी होकार येईपर्यंत करत नाही.

सराव संपताना मात्र अनेकजण उत्साहात निघून येतात आणि एक काम मागे राहते. तासांची दिनांकवार नोंद, मार्गदर्शक शिक्षकाचे सहीचे मूल्यमापन आणि मुख्याध्यापकांचे प्रमाणपत्र यांच्या प्रती हाती घेतल्याशिवाय गाव सोडू नये. दुसऱ्या राज्याचे परवाना-कार्यालय हे कागद पुढे केव्हाही मागू शकते, आणि जूनच्या अखेरीपर्यंत अमेरिकेतील जवळजवळ सगळ्या शाळा उन्हाळी सुट्टीसाठी बंद झालेल्या असतात.